तंबोऱ्याची किंमत आणि कारागिराचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांच्या मनात बोनस, ग्रॅच्युइटी, नाही तर नव्या कामगार संहिता असा एखादा विषय असावा. आम्ही तंबोऱ्यावर बोलणार असे कळवल्यावर त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. गाण्यातले आम्हांला फारसे कळत नाही. पण वस्तू कोण करतो, कोण विकतो आणि मधल्या पैशाचे काय होते, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे. तो गिरणीच्या कापडाला लावता येतो, तसा तंबोऱ्यालाही लावता येतो.

आपल्या या उपनगरांत, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, संध्याकाळी फिरायला निघालो तर गाण्याचा वर्ग लागत नाही अशी आळी विरळाच. मुली परीक्षा देतात, एकेक पायरी चढतात, आणि एक दिवस गुरुजी सांगतात की आता पेटीवर भागायचे नाही, स्वतःचा तंबोरा घ्या. मग घरात चर्चा सुरू होते. दादरला किंवा गिरगावात जाऊन दुकानातून घ्यायचा, की थेट मिरजेला फोन लावायचा? मिरजेहून आणला तर स्वस्त पडतो असे शेजारी सांगतात. दुकानातून घेतला तर तक्रार करायला जागा तरी असते, असे सासरे सांगतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांनीही त्या तंबोऱ्याच्या पाठीमागच्या माणसाचा विचार केलेला नाही. आज आम्ही तो करणार आहोत.

मिरजेची हकिकत प्रथम सांगितली पाहिजे. तेथील वाद्यनिर्मितीची परंपरा फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सांगतात. ते मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, बर्च्या यांना धार लावणे हे घराण्याचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांचे राज्य पक्के झाले, संस्थानिकांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि शिकलगारांचा धंदा बसला. ज्याला आज आपण कारखाना बंद पडणे म्हणतो, तेच ते. त्या काळात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गवयी होते, त्यांच्या सतारी-तंबोरे मोडत, आणि दुरुस्तीला दूरदेशी पाठवावे लागत. शिकलगाराचा हात बारीक कामाला सरावलेला. फरीदसाहेबांनी दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे नवीच वाद्ये करू लागले. पेठ वसली, आडनाव बदलले, शिकलगारांचे सतारमेकर झाले. बंद पडलेल्या धंद्यातली माणसे दुसऱ्या कामाला लागून त्यात नाव काढतात, असे उदाहरण आमच्या पाहण्यात फार नाही. भांडुप-मुलुंडच्या बंद कारखान्यांतली माणसे कोठे गेली ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. कोणी रिक्षा धरली, कोणी इमारतीच्या दाराशी वॉचमन म्हणून बसला.

या जुन्या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेव्हा दुकान नव्हते. गवई स्वतः कारागिराच्या ओट्यावर येऊन बसे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस राहत, 1937 साली त्यांचे निधन झाले. वाद्य दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचाही हात चालत असे, अशी त्यांची ख्याती होती. असा गिऱ्हाईक समोर बसला म्हणजे कारागिराला शाळेत जायची गरज उरत नाही. तार छेडायची, गवयाने मान हलवायची, पुन्हा कानस फिरवायची. मिरजेच्या तंबोऱ्याची जी कीर्ती आहे ती या ओट्यावर घडलेली आहे.

आता हा तंबोरा होतो कसा, ते थोडे सांगतो. कारण ते सांगितल्याशिवाय विक्रीचा प्रश्न समजत नाही. भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या खोऱ्यातून. हा भाजीचा भोपळा नव्हे. कडू जातीचा, जाड सालीचा. तो वेलावरच पिकू देतात, मग महिनोन् महिने वाळवतात. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापतात, आतून काठ्यांचा ताण देऊन त्याला आकार आणतात. दांडी आणि पुढची तबली तुणीच्या लाकडाची. हे लाकूड बहुतेक कर्नाटकाच्या बाजूने येते. मग सांधे, खुंट्या, नक्षी, पॉलिश. आणि सगळ्यांत शेवटी जवारी. घोडीचा वरचा भाग इतक्या हलक्या उताराने घासायचा की तार तिला टेकते आहे की नाही असा संभ्रम पडावा. तेथे सुताचा एक धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. नाव किती योग्य आहे पाहा. पूर्वी घोडीला सांबरशिंग, हस्तिदंत वापरीत. वन्यप्राण्यांविषयीच्या कायद्यांनंतर ते गेले, आता हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ चालतो. जवारी लावायला माणसाचा कान लागतो, आणि तो कान तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे जातात. शिवाय ती कायमची नसते. तार घासून घासून घोडीवर चर पडतो, आवाज बसतो, जवारी पुन्हा काढावी लागते.

याचा अर्थ असा की तंबोरा हा साबणाच्या वडीसारखा विकला की संपला, असा माल नव्हे. विकल्या दिवसापासून त्याची आणि कारागिराची सोयरीक सुरू होते. दुसरे असे की दोन तंबोरे सारखे नसतात, आणि दोन गिऱ्हाइके तर त्याहून नसतात. पुरुषाचा तंबोरा मोठा, त्याची पट्टी पांढरी एक, काळी एक, फार तर दोन. बायकांचा लहान, काळी चार किंवा पाचचा. सतारीत तर आणखी मतभेद. एकाला रविशंकरांच्या वळणाची हवी, वर दुसरा भोपळा आणि खर्जाच्या तारा असलेली. दुसऱ्याला विलायत खाँच्या वळणाची, गांधार-पंचमाची. दुकानदार यांपैकी किती प्रकार मांडून ठेवणार? तो बहुधा मधला, सर्वांना जवळपास चालेल असा माल ठेवतो. सर्वांना जवळपास चालतो तो कोणालाच नीट बसत नाही, हे तयार कपड्यांच्या दुकानात आपण रोज अनुभवतो.

ही अडचण आपल्यापुरतीच आहे असे नव्हे. अमेरिकेत पेडल स्टील गिटार म्हणून एक वाद्य आहे. आपल्याकडे व्हॅन शिप्लेंनी जी हवाईयन गिटार घराघरांत पोचवली, तिचाच हा वाढलेला भाऊ. पाय असलेल्या चौकटीवर दहा तारा आडव्या ताणलेल्या, खाली पायाने दाबायचे पेडल, गुडघ्याने ढकलायच्या कळा, आणि त्यांच्या ओढीने वाजवता वाजवता तारेचा सूर वर-खाली होतो. कोणता पेडल कोणती तार किती ओढणार, हे वाजवणारा आपल्या आवडीने ठरवतो. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांनी 1950 नंतरच्या दशकात नॅशव्हिल गावी शो-बड नावाने ही गिटार करायला घेतली. हे दोघे स्वतः वाजवणारे. 1963 साली एमन्स वेगळा झाला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. असल्या वाद्याला साध्या गिटारीसारखे प्रत्येक गावच्या दुकानात स्थान मिळणे कठीण. दुकानातल्या नोकराला ते लावूनही दाखवता येत नाही. म्हणून तेथील छोटे कारागीर आजही बहुतांशी वाजवणाऱ्याकडूनच मागणी घेतात आणि त्याच्या अंगाला बसेल असे वाद्य करून देतात. सातासमुद्रापलीकडचा गोरा कारागीर आणि मिरजेचा सतारमेकर यांचे दुखणे एकच आहे, हे वाचून आम्हांला मोठी गंमत वाटली.

इतके ऐकल्यावर आपण म्हणाल, मग प्रश्न सुटला, दुकान नकोच. कामगार संघटनेच्या माणसाकडून हेच अपेक्षित असते की त्याने दुकानदाराला चार शिव्या घालाव्यात. पण दुकानदार काय करतो ते आधी प्रामाणिकपणे पाहू. मुंबईतल्या वाद्यांच्या दुकानांना मोठी परंपरा आहे. धोबी तलावचे फुर्ताडो 1865 पासूनचे. दादरचे हरिभाऊ विश्वनाथ कोणाला ठाऊक नाहीत? दुकानदार जागेचे भाडे भरतो, आणि मुंबईतले भाडे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. माल विकला जावो न जावो, चांगला दुकानदार कारागिराला रोख पैसे देतो. हा मोठा मुद्दा आहे. कारागिराला आषाढात तेल-मीठ लागते आणि गिऱ्हाईक येते दिवाळीनंतर. हे मधले चार महिने कोणीतरी ओढून न्यावे लागतात. नव्याने शिकणाऱ्या मुलाला चार वाद्ये हातात घेऊन पाहायला मिळतात, तीही दुकानातच. मिरज कोठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती मिरजेची सतार दुकानानेच दिली. ज्या दुकानात स्वतःचा कारागीर बसतो, त्याची तर गोष्टच वेगळी. रिखी राम यांचे घराणे 1920 साली लाहोरात सुरू झाले, फाळणीनंतर दिल्लीस आले. करणारा आणि विकणारा एकाच छपराखाली, आणि वाद्यावर त्याचेच नाव. त्यांचे नाव पुढे जगभर झाले.

भांडण आहे ते नावाचे. 1965 साली बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या इंडियाक्राफ्ट नावाच्या दुकानातून एक साधी सतार विकत घेतली आणि ती एका गाण्यात वाजवली. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत सतारीचे वेड लागले. 2017 साली त्या सतारीचा लिलावही झाला. दुकानाचे नाव साऱ्या जगाला पाठ झाले. ती सतार कोणाच्या हातांनी घडली, त्याचे नाव मात्र त्या गोष्टीत कोणी घेत नाही. दुकानात जाताना कारागिराचे नाव उंबरठ्याबाहेर राहते ते असे.

मिरजेत आम्ही पुष्कळ ओटे पाहिले. काही घरांत स्वतःच्या नावाची पट्टी लावूनच वाद्य बाहेर जाते. काही घरांत मात्र पॉलिश झालेली, बिननावाची वाद्ये भिंतीशी रांगेने उभी असतात. ‘‘पट्टी का नाही लावली?’’ असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, ‘‘ती तिकडं लावतात, साहेब.’’ तिकडे म्हणजे मोठ्या शहरातल्या दुकानात. लेक सासरी जाते तेव्हा तिचे आडनाव बदलते, पण माहेर पुसले जात नाही. इथे माहेरच पुसले जाते. परिणाम काय होतो? पाच वर्षांनी त्या वाद्याची जवारी बसली की गिऱ्हाईक दुकानाकडे जाते. दुकानात जवारी काढणारा असला तर ठीक. नसला तर कोणीतरी कानस घेऊन घोडी खरवडतो आणि वाद्याची वाट लागते. ज्याने ते केले तो तीनशे-चारशे किलोमीटरवर काम नसल्यामुळे बसून असतो. आणि चांगल्या कामाबद्दलची शाबासकी त्याच्यापर्यंत पोचत नाही, तशी वाईट कामाची तक्रारही पोचत नाही. ओट्यावरची ती मान हलवणे बंद झाले. कारागिराची शाळाच बंद झाली, असे आम्ही म्हणतो.

आपल्या अंधेरीतच पाहा. सीप्झ 1973 साली निघाले. तेथे हिऱ्यांचे दागिने घडवणारी हजारो पोरेपोरी आहेत. त्यांनी बसवलेला खडा परदेशातल्या काचेच्या कपाटात झळकतो, आणि घेणाऱ्या बाईला अंधेरी हे गावाचे नाव आहे की माणसाचे, तेही ठाऊक नसते.

आता थेट विक्रीकडे वळू. दिवस उन्हाळ्याचे आहेत, तेव्हा दाखला आंब्याचा घेतो. आपल्या सोसायटीच्या आवारात हल्ली एप्रिल-मे महिन्यांत टेम्पो येतो. ‘शेतकरी ते ग्राहक’ असा फलक असतो. 2016 साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून सुटला, तेव्हापासून अशी विक्री वाढली. आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या टेम्पोतला माणूस रात्रभर जागून घाट उतरलेला असतो. पेटीत चार आंबे डागी निघाले तर ते त्याच्या अंगावर पडतात. पैसे उद्या देतो म्हणणारे आपणच असतो. म्हणजे दलाल गेला खरा, पण दलालाचे काम उरलेच. ते आता बागाईतदाराच्या बायकामुलांवर पडले. तंबोऱ्याचेही तसेच आहे. थेट विक्री म्हणजे फोन उचलणे, फोटो पाठवणे, इंग्रजीत पत्रे लिहिणे, खोका बांधणे, गाडीत चढवणे, पोचला की नाही याची काळजी करणे. जवारी लावत बसलेल्या माणसाने दिवसातून दहा वेळा फोन उचलला तर त्याचा कान शिल्लक राहील काय? ज्या घरात शिकलेला मुलगा किंवा सून हे काम पाहते, तेथे थेट विक्री जमली. ज्या घरात नाही, तेथे बिननावाची वाद्येच भिंतीशी उभी राहिली. थेट विक्रीचा फायदा सर्वांत हुशार कारागिराला होतो असे नाही. ज्याच्या घरी फुरसतीचा एक शिकलेला माणूस आहे त्याला होतो.

आणि हल्लीची थेट विक्री खरोखर थेट असते काय, हेही पाहिले पाहिजे. मोबाइलवर मोठमोठ्या कंपन्यांचे बाजार आहेत. तेथे वस्तू ठेवली की कारागीर आणि गिऱ्हाईक समोरासमोर आले, असे वाटते. वस्तुतः मध्ये तिसरा बसलेला असतोच. तो कमिशन घेतो, आणि कोणाचा माल वर दाखवायचा, कोणाचा तळाशी, ते ठरवतो. जुन्या दुकानदाराशी निदान भांडता येत असे, चहा पिता पिता दोन रुपये वाढवून घेता येत. या नव्या दुकानदाराला तोंडच नाही. आमच्या अंधेरीतल्या सायकलवरून आणि मोटरसायकलवरून डबे पोचवणाऱ्या पोरांना विचारा, ती आमच्यापेक्षा चांगले सांगतील. दलाल दारातून घालवला आणि तो खिशात येऊन बसला, अशी ही गत आहे.

त्यातच मागणी घटते आहे. बंगळूरकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला, त्याला चाळीसएक वर्षे झाली. आता तर मोबाइलमध्येच तंबोरा वाजतो, फुकट वाजतो, आणि कधी बेसूर होत नाही. लोकलच्या गर्दीतून वर्गाला जाणाऱ्या मुलीने साडेचार फुटांचा तंबोरा कोठे धरावा, हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. 2020 साली टाळेबंदी आली तेव्हा दुकाने बंद, मैफली बंद, वर्ग बंद. त्या वेळी ज्या कारागिरांच्या वहीत वाजवणाऱ्यांची नावे आणि फोन होते, त्यांना दुरुस्तीची का होईना, थोडी कामे नंतर लवकर मिळाली. ज्यांच्या वहीत केवळ दोन दुकानांची नावे होती, ते त्या दोन दुकानांची दारे उघडण्याची वाट पाहत बसले. गिऱ्हाइकांची वही कोणाच्या कपाटात आहे, याला एवढे महत्त्व आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय घेतला, तो सांगतो. आजवर आपण ‘कारागीर’ असा एकच शब्द वापरला. पण ओट्यावर बसलेला प्रत्येक जण मालक नसतो. एकाच्या नावाने ओटा असतो. त्याच्या हाताखाली कोणी भोपळे कापतो, कोणी दांडी तासतो, कोणी नक्षी आणि पॉलिश करतो. ते रोजावर किंवा नगावर काम करतात. समजा, एक तंबोरा दुकानात शंभर रुपयांना विकला जातो आणि ओट्याच्या धन्याला त्यातले साठ मिळतात. उद्या धन्याने तो थेट नव्वदला विकला. गिऱ्हाइकाचे दहा वाचले, धन्याला तीस जास्त मिळाले. त्यांतले पाच-दहा खोका, गाडीभाडे यांत गेले म्हणा. उरलेल्या वीस-पंचवीस रुपयांपैकी दांडी तासणाऱ्याच्या हातावर किती पडले? हा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा एका ओट्यावर सगळे गप्प झाले, आणि दुसऱ्या ओट्यावर चहा आला. चहा आला की समजावे, उत्तर यायचे नाही.

आम्ही धन्यांना दोष देतो असे समजू नये. त्यांचेही हातावर पोट आहे. कित्येक धनी मजुराच्या बरोबरीने तासायला बसतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा मजूर कोठेच नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना 1884 साली उभी केली आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली. ती सुट्टी या ओट्यांवर अजून पोचायची आहे. 1948 च्या फॅक्टरी कायद्याला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे लागत. 2020 च्या संहितेने ती वीस केली. ओट्यावर माणसे चार-पाच. पोराने बापाचा धंदा धरला नाही म्हणून हळहळणारी मंडळी आम्हांला सभांतून भेटतात. पोर हिशेबात कच्चे नसते. बारा वर्षे कान तयार करायचा आणि मग नगावर मजुरी घ्यायची, त्यापेक्षा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभे राहिले तर पहिल्या महिन्यापासून पगार. कला टिकवा असे त्या पोराला सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे?

दुकान की थेट विक्री, हा वाद म्हणूनच आम्हांला अपुरा वाटतो. या संदर्भात दुसरे एक उदाहरण देतो. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याचा लिज्जत झाला. लिज्जतच्या भगिनी दारोदार पापड विकत फिरत नाहीत. वितरक आहेत, दुकाने आहेत, आपण वाण्याकडूनच पुडा आणतो. मग तेथे लाटणारीचे नाव बुडाले काय? नाही, कारण पुड्यावरचे नाव त्यांच्या संस्थेचे आहे, भाव त्यांची संस्था ठरवते आणि लाटणारी बाई त्या संस्थेची सभासद आहे. दुकान तेथे नोकर आहे, मालक नाही. दुकान असण्यात वाईट काही नाही. दुकानाच्या हाती नाव, भाव आणि गिऱ्हाइकांची वही हे तिन्ही गेले की कारागीर संपतो.

मिरजेत या दिशेने पाऊल पडले आहे. मार्च 2024 अखेर मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांच्या संस्थांनी त्यासाठी अर्ज केले होते. आता दुसरीकडे केलेली सतार मिरजेची म्हणून विकणे कायद्याने गुन्हा ठरतो. चांगले झाले. पण हे मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते, माणसाच्या नावाचे नव्हे. मिरज हे नाव राहील आणि तासणारा पुन्हा बिननावाचाच राहील, असेही होऊ शकते. शिवाय मानांकनाचा कागद कपाटात ठेवून खोटा माल थांबत नाही. हापूसला 2018 साली मानांकन मिळाले, तरी कर्नाटकाचा आंबा देवगडच्या पेटीत येतच राहिला. अखेर देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळाला स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. फळागणिक क्रमांक! जे दोन दिवसांत पोटात जाणार त्याला क्रमांक, आणि जो तंबोरा पुढच्या दोन पिढ्या वाजणार त्याला नाही, हे विचित्र आहे.

म्हणून आम्ही काही कारागिरांशी, आणि इकडे मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या काही वर्गचालकांशी बोलणे चालवले आहे. योजना अगदी साधी आहे. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा होळीच्या सुमारास, मिरजेच्या दोन कारागिरांनी इकडे यावे, आठ दिवस राहावे. महालक्ष्मी एक्सप्रेस त्यांना ठाण्यास उतरवते, तेथून मुलुंड हाकेच्या अंतरावर. वर्गांनी हॉल द्यावा, जेवणाची सोय घरोघर व्हावी. आठ दिवसांत या भागातल्या वाद्यांची जवारी काढून व्हावी, आणि ज्यांना नवे वाद्य हवे त्यांनी कारागिरासमोर बसून, गळा ऐकवून, पट्टी ठरवून मागणी नोंदवावी. निम्मे पैसे आगाऊ, म्हणजे दुकानदार जो पावसाळ्याचा आधार देत असे तो गिऱ्हाइकाने द्यावा. भोपळ्याच्या आत, जवारी काढणाऱ्यालाच दिसेल अशा जागी, क्रमांक आणि धन्यासह सर्व हातांची नावे लिहावीत: भोपळा कोणी कापला, दांडी कोणी तासली, नक्षी कोणाची. मजुरीचा दर मागणीच्या कागदावर लिहिलेला असावा. गिऱ्हाइकाने तो वाचून मगच सही करावी. या शेवटच्या कलमावर दोन ओटे तयार झाले, बाकीचे विचार करून सांगतो म्हणाले. दुकानदारांनाही आम्ही वगळलेले नाही. दादरच्या एका दुकानदाराने कारागिराची पट्टी न काढता माल ठेवायचे कबूल केले आहे. त्याचे म्हणणे असे की नाव असलेले वाद्य विकायला उलट सोपे जाते. आम्हांला हे ऐकून आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला.

अडले आहे ते एका जागी. मिरजेहून निघालेला तंबोरा वाटेत फुटला तर नुकसान कोणाचे? कारागीर म्हणतात, खोका आम्ही नीट बांधून दिला, पुढे आमचा हात नाही. वर्गचालक म्हणतात, हातात येईपर्यंत वाद्य आमचे नाही. दुकानदाराच्या व्यवहारात हा प्रश्न कधी वर आला नव्हता, कारण फूट त्याच्या नफ्यात मुरत असे. आमची सूचना अशी आहे की प्रत्येक मागणीमागे दोन्ही बाजूंनी थोडी थोडी रक्कम एका फुटीच्या निधीत टाकावी आणि त्याचा हिशेब वर्गातल्या एखाद्या निवृत्त बँकवाल्याने ठेवावा. असा गृहस्थ प्रत्येक वर्गात निदान एक तरी असतोच. पावसाळ्यापूर्वी यासाठी मुलुंडला बैठक घ्यायची आहे. सभा संपल्यावर आम्ही दाराशी थांबतो. ज्यांच्या घरी तंबोरा किंवा सतार आहे त्यांनी वाद्य कोठून आणले, त्यावर कोणाची पट्टी आहे, आणि जवारी शेवटची केव्हा काढली, एवढे आमच्या वहीत लिहून द्यावे.